न पाहिलेल्या माणसांबरोबर काम करताना

आपल्या वस्त्यांमधून आता बरीच मुलेमुली कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जाऊ लागली आहेत. आमच्या कळमन्यातच पाहिले तर हमालाचा मुलगा, ऑटोवाल्याची मुलगी, धुणीभांडी करणाऱ्या बाईचा नातू अशी मुले सकाळी पाठीवर बॅग टाकून कॉलेजच्या बसची वाट पाहताना दिसतात. त्यांच्या प्रवेशाची, शिष्यवृत्तीची, फीची आणि कॅम्पस इंटरव्ह्यूची चर्चा घरोघर होते. परंतु नोकरी लागल्यानंतर हे मूल नेमके काय करणार, कोणाबरोबर करणार आणि त्यासाठी त्याची कोणती तयारी झाली पाहिजे, याची चर्चा फारशी होत नाही. आम्हा दोघांना ते थोरल्या मुलीच्या नोकरीमुळे जवळून पाहायला मिळाले. इतर आईबापांच्या आणि शिकणाऱ्या मुलांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, सॉफ्टवेअरचे काम आज एका छताखाली होत नाही. एखाद्या बँकेचा प्रोग्राम लिहायचा असेल तर त्याचा एक तुकडा नागपुरात, दुसरा पुण्यात, तिसरा जर्मनीत लिहिला जातो आणि काम तपासून घेणारा मनुष्य अमेरिकेत बसलेला असतो. पूर्वी असे नव्हते. १९६८ साली टीसीएस सुरू झाली, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे आपल्या इंजिनिअरला विमानात बसवून परदेशी कामाच्या जागी पाठवले जाई. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने बंगळूरला आपले केंद्र काढले आणि उपग्रहाच्या मदतीने तिथले काम अमेरिकेशी जोडले. १९९१ पासून सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क उभारले. पुढे इंटरनेट घरोघर पोचले. आता माणूस जात नाही, काम येते. आपल्या नागपुरातही परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आणि मिहानमध्ये असे काम चालते.

ज्यांनी कळमना मार्केट पाहिले आहे त्यांना हे समजायला जड नाही. आमच्यापैकी एकाने त्या मार्केटात पंचवीस वर्षे हमाली केली, दुसरीने मिरचीचे देठ खुडून घराला हातभार लावला. इथून ट्रक सुटतो तेव्हा अडत्या काही त्याच्यासोबत जात नाही. सोबत जाते ती बिल्टी. माल कोणता, नग किती, वजन किती, पाठवणारा कोण, घेणारा कोण, भाडे भरले की तिकडे भरायचे, हे सगळे तिच्यावर लिहिलेले असते. बिल्टी बरोबर असली तर हजार किलोमीटरवरचा अनोळखी मनुष्य मुकाट्याने माल उतरवून घेतो. बिल्टीत घोळ असला तर माल कितीही चांगला असो, ट्रक उभाच राहतो. सॉफ्टवेअरच्या कामातही तुमचे तोंड कोणी पाहत नाही. तुम्ही काय लिहून पाठवले, काय विचारले आणि काय कळवले, तेवढीच तुमची ओळख.

थोरलीला इंजिनिअरिंगला चांगले मार्क होते. प्रोग्राम लिहिण्यात हात चालत होता. पहिली नोकरी लागली त्या कंपनीचे नाव इथे सांगत नाही, त्याची गरजही नाही. तिच्या टीममध्ये नऊ माणसे होती आणि ती तीन देशांत बसलेली होती. पहिले पाच महिने ती रोज मीटिंगला बसायची. नंतर एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, मी आतापर्यंत मीटिंगमध्ये 'येस' आणि 'थँक्यू' सोडून तिसरा शब्द बोलली नाही."

त्यानंतर एक काम तिच्याकडे आले. शुक्रवारपर्यंत द्यायचे होते. कामातली एक अट तिला नीट समजली नव्हती. विचारायची भीती वाटली. ऐकणाऱ्याला वाटेल, हिला एवढेही येत नाही. बुधवारीच तिच्या लक्षात आले की हे शुक्रवारी होणार नाही. तरी कोणाला न सांगता ती दोन रात्री जागली. आम्ही चहा करून देत होतो. शुक्रवारी सकाळी अमेरिकेतल्या लोकांनी काम उघडून पाहिले तेव्हा ते अर्धवट होते. सोमवारी तिला प्रोजेक्टवरून काढले आणि बेंचवर बसवले. बेंच म्हणजे पगार चालू, पण हाताला काम नाही, आणि दोन-तीन महिन्यांत दुसरे काम मिळाले नाही तर घरी. शैक्षणिक कर्जाचा हप्ता तर दर महिन्याला पाच तारखेला ठरलेला.

तिच्या वरिष्ठाने लिहिलेले पत्र तिने आम्हाला मराठीत सांगितले. काम उशिरा झाले याबद्दल त्याची फारशी तक्रार नव्हती. तक्रार अशी होती की बुधवारी का सांगितले नाही? बुधवारी कळले असते तर त्यांनी दुसरा मनुष्य मदतीला दिला असता किंवा गिऱ्हाइकाकडून दोन दिवस मागून घेतले असते. हे ऐकून आम्ही दोघे बराच वेळ गप्प बसलो, कारण त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

मग आपली मुले गप्प का राहतात? मार्केटात अडत्या बोलतो आणि हमाल ऐकतो. "समजलं का?" असे विचारले की "हो जी" म्हणायचे, मग बाजूच्याला विचारून काम उरकायचे. तिथे ते चालून जाते, कारण बाजूचा माणूस बाजूलाच असतो. शाळेतही तेच. सरांनी "समजले का?" म्हटले की सगळा वर्ग एका सुरात "हो". ज्याला समजले नाही तो घरी येऊन गाइड उघडतो. पण जिथे बाजूचा माणूस समुद्रापलीकडे आहे आणि तुम्ही जागे असताना तो झोपलेला आहे, तिथे "हो" या शब्दाचा अर्थ बदलतो. आपण "ऐकले" या अर्थाने "येस" म्हणतो. तिकडचा मनुष्य त्याचा अर्थ घेतो, "समजले, आणि ठरल्या दिवशी होईल." त्या एका शब्दावर तो पुढच्या माणसाला वचन देऊन मोकळा होतो.

सुदैवाने दोन महिन्यांनी थोरलीला दुसरे काम मिळाले. त्या टीममधल्या एका अनुभवी बाईंनी तिला बरेच शिकवले. तिचा हात बसल्यावर तिने वस्तीतल्या वाचनालयात दर रविवारी इंजिनिअरिंगच्या मुलांना घेऊन बसायला सुरुवात केली. आम्हीही तिथे असतो. एक जण चटया टाकतो, दुसरी चहाचे पाहते, आणि दोघेही ऐकतो. तिथे जे पाहिले ते थोडक्यात सांगतो.

तिने मुलांना पहिल्या रविवारी कॉम्प्युटर उघडूच दिला नाही. वाचनालयाच्या पुस्तकांची देवघेव नोंदवणारा एक छोटा प्रोग्राम करायचा, असे काम दिले. मुलांच्या दोन तुकड्या केल्या. एक सकाळी बसणार, दुसरी संध्याकाळी. दोन्ही तुकड्यांनी एकमेकांशी बोलायचे नाही, फोन करायचा नाही, फक्त लिहून ठेवायचे. सकाळच्या तुकडीने कागदावर लिहिले, "थोडे काम बाकी आहे, ते करून घ्या." संध्याकाळच्या मुलांनी तो कागद वाचला आणि डोके धरून बसली. कोणते काम? किती थोडे? कुठे ठेवले आहे? त्यांची सगळी संध्याकाळ शोधण्यात गेली. चौथ्या रविवारी त्याच मुलांचा कागद असा होता: "परतीच्या तारखेचे काम झाले. दंडाचे काम झाले नाही. पुस्तक हरवले तर काय करायचे हे ठरलेले नाही, ग्रंथपालांना विचारावे." तीनच वाक्ये, पण ती वाचून कोणीही पुढचे काम हातात घेऊ शकेल.

कॉम्प्युटरवरही असेच लिहून ठेवावे लागते. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स सुरू केले. ते जगभरच्या हजारो लोकांनी मिळून वाढवले, आणि त्यातल्या कितीतरी लोकांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही. त्या कामासाठी त्यानेच २००५ साली गिट नावाची पद्धत बनवली. कोणी, केव्हा, कोणता बदल केला आणि का केला, याची नोंद गिटमध्ये राहते. आज बहुतेक कंपन्या गिट वापरतात. मुले गिटच्या आज्ञा पाठ करतात, पण "का केला" ही ओळ लिहायचा कंटाळा करतात. "चेंजेस केले" एवढेच लिहून सोडतात. बिल्टीवर "माल आहे" एवढेच लिहिल्यासारखे ते झाले.

मापांचेही तसेच. १९९९ साली अमेरिकेचे मंगळाकडे गेलेले एक यान नष्ट झाले. मार्स क्लायमेट ऑर्बिटर त्याचे नाव. कारण काय, तर एका ठिकाणच्या लोकांनी जोराचा हिशोब पौंडाच्या मापात दिला आणि दुसऱ्या ठिकाणच्या लोकांनी तो न्यूटनच्या मापात धरला. दोन्हीकडे शिकलेली माणसे होती. माप कोणते, हे जिथे पडताळून पाहायला हवे होते तिथे ते पाहिले गेले नाही. आपल्या मुलांना तर रोजच अशा गोष्टी भेटतात. आपण लाख आणि कोटी म्हणतो, ते मिलियन म्हणतात, दहा लाखांचा एक मिलियन. आपण ०३/०४ लिहिले तर ३ एप्रिल, अमेरिकन मनुष्य वाचतो ४ मार्च. रविवारच्या वर्गात एका मुलाला मुद्दाम अमेरिकेचा मनुष्य बनवले होते. त्याने ती तारीख आपल्या पद्धतीने वाचली आणि वाचनालयाच्या एका पुस्तकावर एक महिन्याचा दंड बसवला. हसून हसून पुरेवाट झाली, पण तेव्हापासून मुले महिना अक्षरात लिहू लागली.

वेळेचा हिशोब तर भिंतीवर लिहून लावावा असा आहे. आमच्या घरी तो लावलेला आहे. आपले घड्याळ वर्षभर एकच असते, तिकडे ते वर्षातून दोनदा बदलतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. जर्मनी हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन. सॅन फ्रान्सिस्कोला सकाळचे आठ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात आणि उन्हाळ्यात साडेआठ. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. म्हणून मधल्या दोन-तीन आठवड्यांत जर्मनी, अमेरिका आणि नागपूर यांचा मेळ वेगळाच बसतो, आणि नवीन मुले नेमकी तेव्हाच मीटिंग चुकवतात. म्हणून "उद्या देतो" असे लिहूच नये. कोणाचा उद्या? "गुरुवारी, भारताच्या वेळेने संध्याकाळी सहापर्यंत" असे लिहावे.

भाषेची भीती मुलांना सर्वांत जास्त असते. मराठी शाळेतून आलेल्या मुलांना वाटते की कॉन्व्हेंटची मुले फाडफाड बोलतात, आपले कसे होणार? थोरली त्यांना सांगते की टीममधल्या जर्मन, ब्राझिलियन, जपानी माणसांचीही इंग्रजी मातृभाषा नाही, त्यांच्याही बोलण्याला त्यांचे वळण असते. छोटी वाक्ये, सावकाश बोलणे आणि मीटिंगच्या आधी दोन ओळी लिहून पाठवणे, एवढे जमले तर पुष्कळ आहे. उलट इंग्रज आणि अमेरिकन यांचेच आपसात जमत नाही. 'टेबल इट' म्हटले की इंग्रजाला वाटते विषय आता चर्चेला घ्या, अमेरिकनाला वाटते आता बाजूला ठेवा. आपल्याकडचे इंग्रजीही तिकडे अडखळते. प्रश्न विचारताना आपण 'आय हॅव अ डाउट' म्हणतो, त्यांना वाटते हा आपल्यावर संशय घेतो. तिथे 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणावे. 'प्रीपोन' हा शब्द तर त्यांच्यातल्या पुष्कळांनी ऐकलेलाही नसतो.

आता इंग्रजी सुधारून देणारी, प्रोग्रामसुद्धा लिहून देणारी एआयची यंत्रे आली आहेत. मुलांनी ती जरूर वापरावीत. पण मला काय समजले नाही आणि काम कुठे अडले, हे त्या यंत्रालाही आपणच सांगावे लागते. ज्याला ते सांगता येत नाही त्याला यंत्रही फार पुढे नेऊ शकत नाही.

दूरच्या माणसाला आपली वस्ती ठाऊक नसते, आपल्या आडनावावरून तो काही ताडत नाही. आमच्या मुलीला याचा मोकळेपणा वाटला हे खरे. परंतु भेद समुद्र ओलांडत नाही असे समजू नये. तिकडच्या कंपन्यांत आपल्या देशाची माणसे पुष्कळ आहेत. सिएटल शहराला २०२३ साली जातिभेदाविरुद्ध नियम करावा लागला, अमेरिकेत असा नियम करणारे ते पहिले शहर. म्हणून केलेल्या कामाची, ठरलेल्या गोष्टीची लेखी नोंद ठेवण्याची सवय मुलांना असावी. लेखी नोंद दुबळ्याच्या कामी येते.

मुलांनी नोकरी लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. जगात खुल्या पद्धतीने चालणारी सॉफ्टवेअरची कामे आहेत, त्यांत कोणालाही भाग घेता येतो. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस ही मराठीतही मिळतात, आणि अशी भाषांतरे मुख्यतः स्वयंसेवकांनी केलेली असतात. ज्याला मराठी चांगले येते त्याने तिथूनही सुरुवात करावी. भाषांतर पाठवले की दुसऱ्या गावचा मनुष्य ते तपासतो, दुरुस्ती सुचवतो, आपण उत्तर देतो. टीममध्ये काम करायचे शिक्षण तिथे फुकट मिळते. गूगलचा समर ऑफ कोड हा उपक्रम २००५ पासून चालू आहे. त्यात निवड झालेली मुले परदेशी मार्गदर्शकाच्या हाताखाली घरबसल्या काम करतात आणि मानधनही मिळवतात. २०२२ पासून त्याला विद्यार्थीच असण्याची अट राहिलेली नाही.

आता आईबापांविषयी. या कामात रात्री बोलावे लागते. मुलगी रात्री साडेनऊला कानाला हेडफोन लावून बसली की शेजारी विचारतात, "पोरगी येवढ्या रात्री कोनासंग बोलते जी?" आम्ही त्यांना घरात बोलावून भिंतीवरचा वेळेचा कागद दाखवतो. ते हसतात, पण पुन्हा विचारत नाहीत. दोन खोल्यांच्या घरात शांतता कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करता येत नाही, बाहेर लग्नाचा डीजे चालू असतो. आम्ही एक कोपरा ठरवून दिला आहे. त्या वेळेत तिथे टीव्ही नाही, पाहुणा नाही. बाकीचे ती म्यूटच्या बटणावर निभावते.

मुलींच्या बाबतीत कायदाही माहीत असावा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. तिची संमती असली तरी सुरक्षिततेची आणि घरापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. आपली मेट्रो एका बाजूला खापरीपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला प्रजापतीनगरपर्यंत झाली, त्यामुळे कळमन्याच्या मुलांचे दिवसाचे जाणेयेणे सोपे झाले. पण मध्यरात्री ती नसते. म्हणून नोकरी घेतानाच गाडीची गोष्ट विचारून घ्यावी. विचारण्यात कमीपणा नाही.

शेवटी एक घरगुती उपाय सांगतो. या टीममध्ये रोज एक छोटी मीटिंग असते. तिच्यात प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले आहे. आम्ही धाकट्याला, जो आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, रोज जेवताना हेच तीन प्रश्न विचारतो. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "आई, तुला काय समजणार?" आई म्हणाली, "मला समजेल असं सांग. मी तुझी गिऱ्हाईक समज." सुरुवातीला तिसऱ्या प्रश्नावर तो रोज "कुठेच नाही" म्हणायचा. परवा त्याने हातातला घास ताटात ठेवून सांगितले, "दोन दिवस झाले, एक गोष्ट समजून नाही राहिली. उद्या सरांना विचारतो." आम्हाला त्याच्या मार्कांपेक्षा त्या वाक्याचा जास्त भरवसा वाटला.

हे तीन प्रश्न विचारायला आईबाप शिकलेले असलेच पाहिजेत असे नाही, पैसेही लागत नाहीत. मुलाला पॅकेज किती मिळणार हे सगळे गाव विचारते. कुठे अडले आहे, हे विचारणारे मात्र घरातच असावे लागते. ज्यांची मुले या शिक्षणाला आहेत त्यांनी आज रात्रीपासूनच हे सुरू करावे, आणि मूल "कुठेच नाही" म्हणाले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.